धागा: खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या गाडीच्या आसाचे वायसर (वॉशर) – चामडं, गनमेटल की डेल्रिन (एक कडक प्लास्टिक)?

आगरवाट (अलिबाग)

घोडागाडीच्या आसाचे वायसर नवे करायचे आहेत. गाडी पुळणीवर चालते, ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत जाते, म्हणजे तुंबे (चाकांचे मधले गड्डे) रोज खाऱ्या पाण्याचे शिंतोडे खातात आणि कधी कधी अर्धे बुडतात. आस जुन्या व्हिक्टोरियाचा आहे, बेअरिंग नाही. लोखंडी आस आणि तुंब्यात बिडाचा बॉक्स (आसावर फिरणारी नळी).

मापं: आसाचा व्यास कॉलरजवळ (आसाच्या आतल्या बाजूचा कठडा) ३८ मिमी, कॉलरचा व्यास ६६. कॉलरच्या तोंडापासून बाहेरच्या नटाच्या बैठकीपर्यंत २१२.० मिमी. बॉक्सची लांबी २०३.५. बाहेरच्या टोकाला आसाची एक बाजू सपाट केलेली आहे, त्यावर तसाच एका बाजूने सपाट भोकाचा जाड वायसर बसतो, मग एक मोठा नट, एक छोटा नट, स्प्लिट पिन आणि वर तेलाची टोपी.

आतला (कॉलरकडचा) वायसर चामड्याचा होता, त्याचा चोथा झालाय. बाहेरचा पिवळ्या धातूचा, झिजून १.८ मिमी उरलाय. गाडी वळताना चाक आत-बाहेर ठोकतं. नवे वायसर किती जाडीचे करू? आतला चामड्याचाच हवा का? रबराचा चालणार नाही का?

तुंबाआरे (सावंतवाडी)

तुमचा आस कॉलिंज पद्धतीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा निघाला आणि बग्ग्या-व्हिक्टोरियांना सर्रास बसवला जायचा. यात दोन वायसरांची कामं वेगळी आहेत, ती आधी समजून घ्या.

आतला चामड्याचा वायसर तीन कामं करतो: तेल मागून गळू देत नाही, वाळू-पाणी आत येऊ देत नाही, आणि चाक कॉलरवर आदळताना गादीसारखा दबतो. बाहेरचा धातूचा वायसर चाकाला बाहेर निसटू देत नाही. त्याचं भोक एका बाजूने सपाट असतं ते उगाच नाही. बॉक्स फिरतो, पण तो वायसर आसाबरोबर स्थिर राहतो. त्यामुळे चाकाचा ओढा नटापर्यंत पोचतच नाही. गोल भोकाचा साधा वायसर टाकलात तर तो फिरेल, नटाला फिरवेल आणि सगळा भार स्प्लिट पिनवर येईल.

आता जाडी. २१२.० वजा २०३.५ म्हणजे ८.५ मिमी जागा. त्यात चाकाला ०.८ मिमी खेळ (आत-बाहेर सरकायला मोकळीक) ठेवा. साध्या बॉक्सच्या आसाला ०.५ ते १ मिमी चालतो. उरले ७.७. चामडं दाबून ४.२ वर आणलं तर बाहेरचा वायसर ३.५ मिमीचा.

पण हे गणित मांडण्याआधी बॉक्सच्या मागच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरा. जुन्या बॉक्सचं तोंड बशीसारखं खोल झिजलेलं असतं. तसं असेल तर नवं चामडं फक्त कडेवर टेकतं आणि आठवड्यात तिथेच कापलं जातं. आधी तोंड लेथवर सपाट करून घ्या, मग बॉक्स पुन्हा मोजा. २०३.५ चे २०२.९ झाले तर ते ०.६ वायसरात वाढवावे लागतील.

रबर नको. तेलात साधं रबर फुगतं, आणि फिरणाऱ्या तोंडाखाली त्याचे तुकडे पडतात.

रापी (चिपळूण)

चामड्याबद्दल लिहितो. बाजारात ‘वॉशरचं चामडं’ म्हणून जे देतात ते बहुतेक पंपाच्या बकेटचं असतं. ते चालतं, पण स्वतः कापलेला वायसर जास्त टिकतो.

कातडं म्हशीचं घ्या, बाभूळ-हिरड्यात कमावलेलं, ५ ते ५.५ मिमी जाड. कोल्हापुरी चपलेच्या तळाला लागतं तेच. पाठीचा किंवा पुठ्ठ्याकडचा तुकडा मागा. पोटाकडचं कातडं सैल असतं, दाबलं की एका बाजूला पसरतं आणि वायसर लंबगोल होतो. घेताना कडेला एक ताजा काप मारून बघा. कापाचा रंग आरपार एकसारखा तपकिरी हवा. मधोमध फिकट, शिंगासारखी रेघ दिसली तर कमावणं आत पोचलेलंच नाही. ते पाण्यात फुगणार आणि कुजणार. दुसरी परीक्षा: दोन इंची पाइपावर वरची बाजू बाहेर ठेवून वाकवा. भेगा पडल्या तर कातडं करपलेलं आहे.

कापणं. कंपासने बाहेरचं वर्तुळ ६५ मिमी आखा, कॉलरपेक्षा मिलिमीटरभर लहान, म्हणजे कड बाहेर डोकावून वाळूत घासत नाही. आतलं ३७, आसापेक्षा मिलिमीटरभर लहान, म्हणजे वायसर आसावर घट्ट बसतो आणि तेल त्या बाजूने पळत नाही. मध्यभागी ३ मिमीचं आरपार भोक पाडा, ती कटरच्या खिळीची जागा. आधी बाहेरचं वर्तुळ कापा, मग आतलं. उलट केलंत तर मधली चकती सुटते, खिळीला आधार उरत नाही आणि बाहेरची कड भरकटते. एका बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत जायचं, तुकडा उलटायचा, दुसऱ्या बाजूने उरलेलं. एका दमात आरपार गेलात की पातं तिरकं होतं आणि कड उतरती येते.

पात्याची धार एका बाजूनेच लावलेली असावी. बाहेरचं वर्तुळ कापताना पात्याची सपाट बाजू आत, वायसरकडे. आतलं कापताना सपाट बाजू बाहेर, पुन्हा वायसरकडेच. उतार नेहमी वाया जाणाऱ्या भागात. ड्रिलच्या मशीनवर कटर लावत असाल तर वीज बंद ठेवून हातानेच फिरवा. कातडं कोरडंच कापा. ओलं लोण्यासारखं कापलं जातं खरं, पण सुकल्यावर भोक आक्रसतं.

तेल पाजणं. इथेच बहुतेकांचं चुकतं. कातडं खडखडीत कोरडं हवं. पावसाळ्यात चुलीपासून हातभर लांब, दोन-तीन दिवस. मग एरंडेल तीन भाग आणि मुठेल एक भाग. डबा थेट आचेवर ठेवायचा नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. ६० अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे, थर्मामीटर लावा. झाडपाल्यात कमावलेलं कातडं ओलं असेल तर ७५-८० अंशांना कायमचं आकसतं, पापडासारखं कडक होतं. ते पुन्हा मऊ होत नाही. वायसर तेलात सोडले की कडेने बारीक बुडबुडे निघतात. ते थांबेपर्यंत ठेवा, साधारण तीन तास, आणि मग त्याच तेलात रात्रभर निवू द्या. निवताना कातडं तेल ओढतं.

शेवटी दाबणं. दोन सपाट ६ मिमी पट्ट्यांमध्ये, वर-खाली बटर पेपर, शिकंज्यात २४ तास. दर दोन तासांनी शिकंजा पाव फेरा आवळा. चामड्यावर थेट व्हर्नियर लावू नका, तोंडं आत रुततात. दोन पट्ट्यांसकट मोजा आणि पट्ट्यांची जाडी वजा करा. ४.२ वर आलं की झालं. न दाबता बसवलेला वायसर पहिल्याच दिवशी बसका होतो आणि तुमचा ०.८ चा खेळ दीड मिमी होतो.

चार लागणार असतील तर आठ करा. उरलेले एरंडेलाच्या डब्यात बुडवून ठेवा. नुसते फडताळात ठेवले तर श्रावण संपायच्या आत त्यांवर बुरशी येते.

आगरवाट

रापीदादा, मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल ना? नुसतं खोबरेल चालणार नाही का, घरचं आहे.

रापी

तेच, पायांच्या भेगांना लावतात ते. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे चामड्यात गेल्यावर घट्ट होऊन बसतं आणि पाण्याला वाट देत नाही. खोबरेल पंचविशीतच पातळ होतं. आपल्याकडच्या उन्हात ते आठवड्यात गळून जाईल. आणि काजूच्या टरफलाचं तेल कोणी सुचवलं तर ऐकू नका. लाकडाला उत्तम, पण ते हळूहळू वाळून चिकट, मग कडक होतं. हाताला लागलं तर फोड येतात ते वेगळंच.

गॅरेज_गल्ली (रत्नागिरी)

इतका खटाटोप कशाला? जळक्या इंजिन ऑइलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, झालं.

रापी

जळक्या ऑइलमध्ये इंजिनाची झिजलेली धातूची पूड आणि आम्ल असतं. चामडं काळं पडून कडेने तुटायला लागतं. शिवाय एरंडेल आणि खनिज तेल नीट मिसळत नाहीत. चामड्यात एरंडेल आणि बॉक्समध्ये इंजिन ऑइल असेल तर काही महिन्यांनी मधे चिकट गोळे सापडतात. एक काय ते ठरवा. चामड्यात एरंडेल तर बॉक्समध्येही एरंडेल, आणि वर्षातून दोनदा रॉकेलने धुऊन नवं भरायचं. एरंडेल जुनं झालं की डिंकासारखं होतं, ते सहन करायचं नाही.

खेर्डी_लेथ (चिपळूण)

बाहेरच्या वायसराकडे येतो.

आधी धातू. तुमचा जुना ‘पिवळा’ वायसर पितळेचा असणार. त्यावर गुलाबी डाग आहेत का बघा, आणि त्या डागावर खिळ्याचं टोक ओढा. भुगा निघाला तर पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाऊन टाकलंय आणि मागे तांब्याची जाळी उरलीय. वायसर आकाराने शाबूत दिसतो आणि एका धक्क्यात बिस्किटासारखा तुटतो. म्हणून किनाऱ्यावर पितळ नाही, गनमेटल. ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. रंग लालसर असतो. भंगारातून घेणार असाल तर जुन्या पाण्याच्या व्हॉल्वची बॉडी बहुतेक गनमेटलची असते. पण त्या ओतकामात बारीक छिद्रं निघतात, म्हणून शक्यतो नवी ओतीव बुश (पोकळ नळकांडं) घ्या.

किती घ्यायची: दोन चाकांना दोन आणि राखीव दोन, असे चार. बाहेरचा व्यास ७० आणि आतला ३५ अशी ओतीव बुश, ४५ मिमी लांब. वजन सव्वा किलोच्या आत. हिशेब असा: प्रत्येक वायसर ३.५, पार्टिंगचं (कापून वेगळं करायचं) पातं ३, दोन्ही तोंडांना मिळून १. चारांचे ३० मिमी, आणि चकमध्ये धरायला १५.

(बाहेरच्या टोकाला आस बारीक होतो. तिथला व्यास तुम्ही दिलेला नाही. तो मोजा. भोक त्यावर ठरेल आणि बुशचं आतलं भोक त्याहून लहानच असायला हवं. आस ३२ असेल तर ३५ ची बुश वाया.)

लेथवर: टूलचा वरचा उतार शून्य ठेवा. स्टीलचं धारदार उताराचं टूल गनमेटलमध्ये खेचलं जातं, ‘खुपतं’, आणि वायसरच्या तोंडावर अर्धचंद्राची खाच पाडतं. ड्रिलच्या ओठालाही दगडाने बारीक सपाटी द्या, नाहीतर आरपार निघताना ड्रिल घुसतं आणि काम चकमधून उपटतं. हायस्पीड टूलला ६६ व्यासावर २५० फेरे बरे. कूलंट लागत नाही.

क्रम: तोंड साफ, बोअर, बाहेरचा व्यास, दोन्ही कडांना अर्धा मिमी चॅम्फर (तिरका उतार), मग पार्टिंग. पार्टिंगची बाजू खरबरीत येते. ती उलटून सॉफ्ट जॉमध्ये (चकच्या मऊ जबड्यांत) धरून एक फेस मारा. दोन्ही तोंडं समांतर हवीत, चार जागी मोजून फरक ०.०५ च्या आत. शेवटी काचेवर २२० चा पॉलिश पेपर, थोडं तेल, आठाच्या आकड्यात घासा. पाच-सहा फेऱ्यांत सगळं तोंड एकसारखं मळकं दिसलं तर सपाट आहे. मधे चमकदार बेट राहिलं तर ती जागा खोल आहे.

सपाट बाजूचं भोक लेथवर होत नाही. सपाटीच्या मापाचं लहान गोल भोक आधी करायचं आणि उरलेला भाग कानसेने आसाच्या आकाराचा करायचा. आसावर ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त सैल नको. सैल झाला की प्रत्येक वेळी गाडी पुढे-मागे होताना तो टक्-टक् हलतो आणि सपाटीच्या कडा गोल करून टाकतो.

तेलाच्या खाचा: बॉक्सकडच्या तोंडावर तीन, आतून बाहेर, १ मिमी खोल. बाहेरच्या कडेच्या ४ मिमी अलीकडे थांबवा.

बंदरवाला (हर्णै)

गनमेटलबद्दल सरसकट ‘होय’ म्हणू नका. पुळणीवर बारीक वाळू असते, तिच्यातला स्फटिक कठीणपणाच्या मोहस मापात ७. मऊ धातूत तो कण रुतून बसतो, निघत नाही. मग वायसर म्हणजे पॉलिश पेपर. वायसर झिजत नाही, समोरचं लोखंड झिजतं. वायसर भिंगाखाली धरला तर तोंडावर बारीक चमकणारे ठिपके दिसतात, आणि समोरच्या बॉक्सवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. ‘गनमेटल अजून शाबूत आहे’ म्हणून लोक खूश असतात आणि महागाचा भाग संपत असतो.

हर्णैला मासळी आणायला पाण्यात घालतात त्या गाड्यांना टोपी नसते, आसाचं टोक उघडं आणि खीळ. तिथे गनमेटल लावणं म्हणजे बॉक्स खाणं. तिथे टणक स्टीलचा वायसर आणि तो दर हंगामात बदलायचा.

खेर्डी_लेथ

बरोबर, पण आगरवाट यांच्या आसाला तेलाची टोपी आहे. बाहेरचा वायसर टोपीच्या आत, तेलात बुडालेला. वाळू येणार ती मागच्या बाजूने, कॉलरकडून, आणि तिथे चामडं आहे. चामड्यातही कण रुततो, पण ते दाबलं जातं, त्यामुळे कणावर जोर येत नाही. टोपीची चकती मात्र नवी घाला आणि टोपीचे आटे मेणाने बसवा.

उघड्या आसाला तुमचं म्हणणं मान्य.

बंदरवाला

टोपी असेल तर वाद नाही. टोपी हरवून तिथे पॉलिथिनची पिशवी बांधलेल्या गाड्या जास्त दिसतात, म्हणून लिहिलं.

टणक वायसर करायची रीत देऊन ठेवतो. जुनी कमानपट्टी (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) घ्या, ६ ते ८ मिमी. ती तशीच ड्रिल होत नाही. कोळशात लाल करून राखेत पुरून रात्रभर निवू द्या. मग भोक, मग बाहेरची गोलाई. नंतर एकसारखं चेरीसारखं लाल करून तेलात, तेल हलवत. पाण्यात टाकलात तर भोकापासून कडेपर्यंत तडा जातो. मग एक तोंड घासून पांढरं करा आणि जाड लोखंडी तव्यावर ठेवून खालून तापवा. रंग पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असा चढतो. जांभळ्यावरून निळ्यावर जाताना उचला, सुमारे २९० अंश. पिवळ्यावर थांबलात तर वायसर काचेसारखा, पहिल्या दगडाला दोन तुकडे.

स्टेनलेस घेणार असाल तर ३०४ नको. त्याला मिठाच्या पाण्यात फटीखाली खड्डे पडतात. ३१६ बरा. पण मोठा स्टेनलेस वायसर आणि साधा लोखंडी आस एकत्र मिठाच्या पाण्यात असले की आस जास्त वेगाने गंजतो. जस्ताचा मुलामा घासणाऱ्या तोंडावर निरुपयोगी, तो काही मायक्रॉनचाच असतो. आणि ग्राफाइटचं वंगण खाऱ्या पाण्यात वापरू नका. ग्राफाइट लोखंडाला गंज लावायलाच मदत करतं.

गॅरेज_गल्ली

मग डेल्रिनचं काय? धाग्याच्या नावात आहे आणि कोणी बोललंच नाही. नायलॉन फुगतं म्हणतात, ते खरं का?

खेर्डी_लेथ

नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी पितं आणि मापात दोन-अडीच टक्के वाढतं. पण ५ मिमी जाडीच्या वायसरात अडीच टक्के म्हणजे ०.१२५ मिमी. तुमचा खेळ ०.८, मग काय बिघडलं? फुगण्याची खरी भीती बुशला. बुश बाहेरून तुंब्यात घट्ट, वाढायला जागा नाही, म्हणून आतलं भोक लहान होतं आणि जुलैत चाक जाम. डेल्रिन पाणी फार कमी पितं, म्हणून बुशला डेल्रिन.

वायसरला दोन्ही चालतात, पण आधार लोखंडाचा हवा. हातगाडीला असं लावा: लोखंडी वायसर, डेल्रिन ४ मिमी, पुन्हा लोखंडी. नुसतं प्लास्टिक थेट खिळीला टेकवलं तर खीळ त्यात खड्डा करते. मासळीच्या हातगाड्यांवर बर्फाचं खारं पाणी सतत ठिबकतं, तिथे ही जोडी बरी. तुमच्या आसाला नको. तिथे ३.५ मिमीमध्ये सपाट भोकाचा कोपरा प्लास्टिकला टिकणार नाही.

रेवंडी_मेकॅनिक (मालवण)

बेअरिंगच्या गाडीचा विषय निघाला नाही म्हणून थोडं. टायरच्या बैलगाडीला आणि चारचाकीच्या पुढच्या तुंब्याला नटाखाली जो वायसर असतो त्याला आत जीभ असते, ती आसाच्या खाचेत बसते. बाजारात जिभेचा मिळाला नाही म्हणून २४ च्या बोल्टचा साधा वायसर टाकतात. २५ चं भोक, ४४ बाहेरून, ४ मिमी जाड, दिसायला अगदी फिट. वायसर घट बसलो म्हणजे काम झाला असां नाय! बाहेरच्या बेअरिंगची आतली रिंग हळूहळू सरकते, ती वायसरला ओढते, वायसर नटाला, आणि स्प्लिट पिन कातरली जाते.

करायचा असेल तर ३ मिमी पत्र्यातून. जीभ ५ मिमी रुंद आणि खाचेपेक्षा अर्धा मिमी आखूड. जिभेच्या दोन्ही मुळांशी आधी २ मिमीची भोकं पाडा, मग बाकीचं साखळी-ड्रिल आणि कानस. मुळाशी तीक्ष्ण कोपरा राहिला तर जीभ तिथूनच तुटते. लेझरने कापून घेत असाल तर कडेला खाली चिकटलेले धातूचे मणी घासून काढा. तो एक मणी बेअरिंगखाली आला की नट घट्ट वाटतो आणि दहा किलोमीटरवर सैल होतो.

बाजारचा छापलेला वायसर वापरायचाच असेल तर बोट फिरवून बघा. एका बाजूची कड गोलसर, दुसऱ्या बाजूला धार. गोलसर बाजू बेअरिंगकडे.

खेळ: टेपर रोलर बेअरिंगला ०.०३ ते ०.१२ मिमी, वरच्या घोडागाडीच्या ०.८ शी गल्लत करू नका. चाक फिरवत नट आवळा, जड झालं की सोडा, मग बोटांनी लागेल तेवढाच. पिनचं भोक खाचेसमोर येत नाही ही कायमची रड. सहा खाचांचा नट, आसाला एकच आडवं भोक आणि १.५ चे आटे असतील तर एका खाचेला पाव मिमी, म्हणजे फार. काटकोनात दुसरं भोक असेल तर ०.१२५. तेही जमत नसेल तर नट मागे घेऊ नका. वायसर काचेवर घासून पाच-सहा शतांश उतरवा.

आगरवाट

रेवंडीदादा, पाण्यातून आल्यावर तुंब्यात पाणी सापडतं, तेल दुधाळ होतं. चामडं नवं घातल्यावर थांबेल?

रेवंडी_मेकॅनिक

निम्मं. गाडी पुळणीवर पळवून लगेच पाण्यात घातली की तापलेला तुंबा एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि कुठल्याही सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तुंब्याला हात लावून बघा. कोमट असला तरी पाच-दहा मिनिटं थांबा. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण पाइपाची धार कॉलरच्या फटीवर नको, ती मिठाला आत ढकलते. उघड्या भागाला कॅल्शियमचं वंगण लावा, ते पाण्याने सुटत नाही. सोडियमचं वंगण पाण्यात साबणासारखं विरघळतं.

बंदरवाला

आणि मोठी उघडझाक मासेमारी बंदीत करा, १ जून ते ३१ जुलै. तेव्हा पुळणीवर गाड्याही नसतात आणि लेथवाल्याकडे गर्दी नसते.

आगरवाट

टोपी काढली. बॉक्सचं मागचं तोंड खरंच बशीसारखं आहे, पट्टीखालून ०.४ चा फीलर (फट मोजायचं पातं) जातो. आसाचं बाहेरचं टोक २९ मिमी. उजवं चाक निघालं. डाव्या चाकाचा छोटा नट निघत नाहीये. पान्याला तीन फुटी पाइप लावून दोघांनी ओढलं.

तुंबाआरे

थांबा! पाइप खाली ठेवा.

या आसावर दोन नटांचे आटे एकमेकांच्या उलट असतात. एक सैल व्हायला लागला की दुसरा आवळतो, म्हणून दोघे मिळून सुटत नाहीत. छोटा नट तुम्ही बहुतेक आवळताय. मान वाकडी करून आसाचं टोक वरच्या बाजूला आहे असं धरून दिसणारे आटे बघा. डावीकडून उजवीकडे चढत असतील तर सरळ, उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सुटणारे. उजव्या चाकावरून अंदाज बांधू नका, दोन्ही टोकं स्वतंत्र तपासा. आधीच्या कोणी नट अदलाबदल केलेले असू शकतात.

आत्ता: स्प्लिट पिनचा तुटका तुकडा भोकात राहिलाय का बघा, राहिला असेल तर आधी बारीक पंचने तो काढा. नटावर डिझेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी नटाच्या सहाही कडांवर पितळी हातोड्याने हलके ठोके, मग उलट्या दिशेने, फूटभर पान्याने. पाइप नको.

खेर्डी_लेथ

२९ चं टोक म्हणजे ३५ ची बुश चालणार नाही, २५ भोकाची मागा. वजन दीड किलोच्या जवळ जाईल. आणि बॉक्सचं तोंड सपाट केल्यावर निदान ०.५ जाईल. वायसर ३.५ चा नको, ४.२ चा कापून ठेवू, घासून उतरवता येतो. बॉक्सच घेऊन या, गाडी नको.

तुंबाआरे

नट निघाले की प्रत्येकाला दोरा बांधून डावा-उजवा, आतला-बाहेरचा अशी चिठ्ठी लावा. चारही एका डब्यात टाकू नका.